एवढा पावसाळा काढेल

गाडी दुरुस्त करायची की काढून टाकायची, हा प्रश्न आमच्या घरात एकट्यादुकट्याला कधी पडलाच नाही. तो सगळ्या घराला पडायचा आणि एकदा पडला की महिनाभर पडलेलाच असायचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं भरलं घर. त्यात गाडी एक, चालवणारे दोन आणि मत असणारे सगळे. आण्णांना मत होतं, तात्यांना होतं, आत्याला होतं, आजीला तर होतंच. पलीकडच्या किराणा दुकानदारालाही होतं, कारण गाडी त्याच्या दारात उभी असायची आणि ऑइल त्याच्या फरशीवर गळायचं.

प्रश्न पडायचा तो मे महिन्याच्या शेवटी. त्या दिवसांत घरात सगळ्याच वस्तूंची तपासणी चालायची. कौलं शाकारून घ्यायची. छत्र्या माळ्यावरून काढायच्या, काडी मोडलेली, कापड विरलेलं, मूठ निखळलेली असे त्यांचे ढीग लावायचे. लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायच्या. स्टोव्हचे वॉशर, कंदिलाच्या काचा, शाळेची दप्तरं, गेल्या वर्षीचे रेनकोट, सगळं एकदा अंगणात यायचं आणि त्याचा निकाल लागायचा. निकाल देण्याची भाषा एकच होती. "एवढा पावसाळा काढेल." छत्री एवढा पावसाळा काढेल. चप्पल एवढा पावसाळा काढेल. परसातली भिंत एवढा पावसाळा काढेल. शेवटी आण्णा बाहेर जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारायचे, चारही टायरांना चपलेच्या टोकानं हळूच ठोकायचे आणि घरातले सगळे ओट्यावर येऊन उभे राहायचे.

गाडी म्हणजे फियाट. अकराशे डिलाइट. तुमच्याकडे अँबेसेडर असेल, हेरल्ड असेल, एखाद्या बागाईतदाराकडे जीप असेल, पण गोष्ट तीच. आमची फियाट सेकंडहँड होती आणि 'डॉक्टरांची गाडी' होती. त्या काळी विकायला निघालेली प्रत्येक चांगली गाडी डॉक्टरांची असायची. गावात डॉक्टर मोजके आणि त्यांनी वापरून दिलेल्या गाड्या मात्र गल्लोगल्ली, हे गणित आम्ही कधी जुळवून पाहिलं नाही. मीटर पाच आकडी होता. आमच्याकडे आल्यावर काही वर्षांनी तो नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णववरून पाच शून्यांवर आला, तेव्हा तात्यांनी गाडी कडेला घेऊन सगळ्यांना दाखवलं आणि जवळच्या हॉटेलात भजी घेऊन दिली. डॉक्टरांकडे असताना तो आधी फिरला होता का, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना मोठी माणसं मीटरकडे बघतच नसत. ती ब्रेकच्या पेडलचं रबर बघायची, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघायची, हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली काचेखालची पट्टी बघायची. आकडा फिरवता येतो, रबराची झीज फिरवता येत नाही.

आजच्या पोरांना वाटतं, आम्ही गाड्या इतक्या वर्षं ओढल्या ते चिकटपणामुळे. चिकटपणा होता, नाही कशाला म्हणू? पण नुसता चिकटपणा नव्हता. दुकानात जाऊन गाडी आणायची सोयच नव्हती. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट यायची, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यातून अँबेसेडर यायची, मद्रासहून स्टँडर्ड यायची, आणि संपलं. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. मुलाच्या जन्माला नोंदवलेली गाडी त्याच्या मुंजीला येते, असा विनोद होता आणि ऐकणारे त्यावर फारसे हसत नसत. ज्याचा नंबर लागायचा त्यानं ती गाडी लगेच विकली तरी वरचे पैसे मिळायचे. अशा दिवसांत 'एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन घे' हे वाक्य बोलायला तोंड उघडणार कोण? दुरुस्ती परवडते का, असं कुणी विचारतच नव्हतं. दुरुस्ती कोण करतो आणि कधी देतो, एवढंच विचारायचं.

कोण करतो याचं उत्तर मात्र कोल्हापुरात सोपं होतं. उद्यमनगर. तिथं लेथ, तिथं बोअरिंग मशिन, तिथं ओतकाम, तिथं घिसाई. ऑइल इंजिनांपासून गुऱ्हाळांच्या चरकांपर्यंत सगळं दुरुस्त करणारे हात तिथं होते, त्यांना अकराशे सीसीच्या आतलं फियाटचं इंजिन म्हणजे काय मोठं? आमच्या मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे दोन पत्रे, एक चिंच आणि एक खड्डा. गाडी खड्ड्यावर घ्यायची, मिस्त्री खाली उतरायचे, आणि खालून त्यांचा आवाज यायचा. त्या आवाजाची आम्हाला धास्ती वाटायची.

मिस्त्रींकडे यंत्रबिंत्र काही नव्हतं. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. टॅपेट वाजतंय, की बेअरिंग, की पाण्याचा पंप, ते तेवढ्यावर कळायचं. मग धूर बघायचा. धुराची विद्या घरातल्या पोरांनाही पाठ होती. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटर साफ करा, चोक अडकलाय का बघा, दोन-चार रुपयांचं काम. पांढरा धूर हिवाळ्यात सकाळी आला तर ती नुसती वाफ, पण गाडी तापल्यावरही येत राहिला तर पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय, हेड गॅसकेट गेलं. आणि निळा धूर आला की मोठी माणसं गप्प व्हायची. निळा म्हणजे गाडी ऑइल खाते. ऑइल खाते म्हणजे रिंगा गेल्या. मग प्लग काढून बघायचे. टोक विटकरी रंगाचं असेल तर त्या सिलिंडरची तब्येत बरी, काळं आणि ओलं असेल तर इंजिन खोलायची वेळ आली. शेजाऱ्याच्या गाडीचा निळा धूर आम्ही त्याच्या आधी ओळखायचो, आणि सांगायचो नाही.

इंजिन खोलायचं म्हटलं तरी एकदम कुणी घाबरत नसे, कारण त्याला पायऱ्या होत्या. आधी नुसत्या रिंगा. मग हाफ इंजिन. मग फुल. सिलिंडर झिजून अंडाकृती झाले असतील तर ब्लॉक बोअर करायचा आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालायचे. ही पहिली बोअर. आणखी काही वर्षांनी दुसरी बोअर. मग तिसरी. आता भिंत पातळ झाली, आणखी कापता येत नाही, अशी वेळ आली की ब्लॉकमध्ये स्लीव्ह ठोकून पुन्हा पहिल्या मापावर यायचं, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'इंजिन स्टँडर्ड केलं.' तिकडे क्रँक घासून घ्यायचा आणि त्याला जाड बेअरिंगं बसवायची. हेड अॅल्युमिनियमचं, ते एकदा तापलं की वाकायचं, ते मशिनवर सपाट करून आणायचं. व्हॉल्व्ह तर मिस्त्रींचा पोरगा हातानं घासायचा. व्हॉल्व्हला पेस्ट लावायची, काठीला रबराची वाटी अडकवायची आणि दोन तळव्यांत काठी फिरवत बसायचं, संध्याकाळपर्यंत. आम्हीही हौसेनं बसायचो आणि दहा मिनिटांत उठायचो.

इंजिन बांधून आलं की पुढचे काही दिवस घरात सणाचं वातावरण. मागच्या काचेवर 'रनिंग इन' असा कागद चिकटवायचा आणि नवं इंजिन चाळिशीच्या वर पळवायचं नाही, असा दंडक. मग त्या निमित्तानं सगळे नरसोबाच्या वाडीला. पुढच्या अखंड सीटवर ड्रायव्हर धरून तीन मोठे आणि मांडीवर एक पोर, मागे आजी, आत्या, काकू, आणि उरलेल्या जागेत आम्ही. गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढे मध्ये बसणाऱ्याच्या गुडघ्याला त्रास नाही. सायकलवाले सोडून सगळे आम्हाला ओलांडून जायचे. एसटी मागून हॉर्न मारायची. आण्णा काच खाली करून मागच्या कागदाकडे बोट दाखवायचे, मोठ्या अभिमानानं.

लांबचा प्रवास असला की तयारी वेगळी. डिकीत पाण्याचा डबा, जुना फॅनबेल्ट, दोन प्लग, पॉइंट, कंडेन्सर, तार, चिकटपट्टी. साबणाची वडी, कारण पेट्रोलची टाकी झिरपायला लागली तर त्यावर ओला साबण दाबून बसवायचा. हळदीची पुडी, कारण रेडिएटर गळायला लागला तर त्यात हळद टाकायची, ती बारीक भोकात जाऊन बसते. आणि एक जुनं सुती लुगड्याचं फडकं. उन्हाळ्यात घाटात फियाट बंद पडायची ती पेट्रोल पंपात वाफ धरल्यामुळे. फडकं भिजवून पंपावर घालायचं, एक चहा होईपर्यंत थांबायचं, की पुन्हा चालू. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढून आलं की वर बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग असायची आणि प्रत्येकाच्या पंपावर कुणाच्या ना कुणाच्या लुगड्याचं फडकं. तिथं ओळखी व्हायच्या. आमच्या आत्याच्या धाकट्या मुलीचं स्थळ त्याच घाटात कळलं, पण तो विषय वेगळा.

तर मुद्दा असा, की इंजिनाला मरण नव्हतं. मग गाडी कधी संपायची?

याचं उत्तर आजीनं दिलं होतं, आणि आजीनं गाडीचं बॉनेट आयुष्यात कधी उघडून पाहिलं नव्हतं. एका मे महिन्यात क्लच, किंगपिन आणि रंग असा तिहेरी खर्च समोर आला, तात्या म्हणाले विकून टाकू, आण्णा म्हणाले करून घेऊ, आणि दोघे हमरीतुमरीवर आले. आजी कल्हईवाल्यासाठी भांडी काढत होती. ती म्हणाली, पातेल्याला कल्हई किती वेळा लावायची ते कल्हईवर ठरत नाही, बुडावर ठरतं. बूड जाड असेल तर जन्मभर लावा. बूड पातळ झालं की लावू नये, पुढच्या वेळी चुलीवर गळतं. "तुमच्या गाडीचं बूड कुठं असतं ते बघा आधी."

मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते खड्ड्यातूनच म्हणाले, "आजी बरोबर बोलल्या, आण्णा. इंजिन मी तुम्हाला चारदा बांधून देतो. पण पत्रा गेला तर मला हाक मारू नगासा."

पत्रा. सगळं तिथंच होतं. तेव्हापासून आमच्या घरात गाडी बघायची ती खालून. दाराखालचा उंबरा, चाकांच्या वरच्या कमानी, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, आणि पायाखालचं मॅट उचलून त्याखालची जमीन. काथ्याचं मॅट पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि पत्रा खालून नाही, आतून गंजतो. पेचकसाच्या मुठीनं ठोकून बघायचं. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत लांबी भरून रंग मारलाय. तिथं पेचकसाचं टोक टेकवलं की ते आत जायचं, आणि विकणाऱ्याचा चेहरा उतरायचा. म्हणूनच मुंबईची गाडी कुणी घ्यायला मागत नसे. खारी हवा. घाटावरची गाडी, तीही सोलापूर-पंढरपूरकडची, कोरड्या हवेतली, तिला दोन पैसे जास्त मिळायचे. आमच्याच गल्लीत एकांनी मुंबईहून स्वस्तात पद्मिनी आणली. फियाटचंच १९७४ नंतरचं नाव ते. इंजिन शिलाई मशिनच्या आवाजाचं, रंग लखलखीत. दुसऱ्या पावसाळ्यात मागे बसलेल्यांना पायाखाली रस्ता दिसू लागला.

आण्णांचं वेगळंच. ते हायस्कुलात गणित शिकवायचे, त्यामुळे त्यांना बुडानं समाधान होईना. त्यांनी वही घातली. लाल पाठीची, आडवी, वर 'मोटारखाते' असं लिहिलेलं. वहीत तीन रकाने होते आणि ती वही आमच्यापैकी बऱ्याच जणांना आजही उपयोगी पडते. पहिला रकाना 'झिजलेलं'. टायर, बॅटरी, ब्रेकचे शू, क्लच प्लेट, फॅनबेल्ट, प्लग. हा खर्च नव्या गाडीलाही येतोच, तेव्हा जुनी ठेवायची की नाही हे ठरवताना तो धरायचा नाही. दुसरा रकाना 'मोडलेलं'. हेड वाकलं, डायनॅमो जळला, गिअरचा दात तुटला, स्प्रिंगचं पान तुटलं. हा म्हातारपणाचा खर्च, निर्णय करायचा तो याच्याकडे बघून. आणि तिसरा रकाना 'हौस'. सीट कव्हर, व्हील कॅप, मागच्या काचेला पडदे, आणि तात्यांनी कुणाला न विचारता बसवून आणलेला तीन सुरांचा हॉर्न. तात्यांचं म्हणणं होतं की हॉर्न मोडला होता, म्हणजे दुसऱ्या रकान्यात. आण्णांनी तिसऱ्यात टाकला. तो वाद आण्णा गेले तरी मिटला नाही.

वहीचा दुसरा नियम आणखी शहाणपणाचा होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी तोलायचा नाही. गाडी विकायची नसेल तर तिची बाजारातली किंमत आपल्या कामाची नाही. तोलायचा तो त्या खर्चानं मिळणाऱ्या पावसाळ्यांशी. इंजिन बांधलं की पाच-सहा वर्षं मिळतात, तर खर्चाला त्यानं भागा. येणारा आकडा वर्षभराच्या टॅक्सी-टांग्यापेक्षा, एसटीच्या तिकिटांपेक्षा कमी आहे का? असेल तर करा. पण ज्या दुरुस्तीनं नुसते दोन महिने मिळतात, ती दहा रुपयांची असली तरी महाग. पत्र्याला लांबी भरणं हे असलं काम. मोठ्या खर्चाला आण्णा सहसा नाही म्हणत नसत, छोट्या छोट्या मलमपट्टीला मात्र हटकून म्हणत. आम्हाला तेव्हा हे उलटं वाटायचं.

आणखी एक, वहीत नसलेला रकाना काकूंचा होता. गाडी घरी आणून सोडते का? बाकी काहीही असो. रात्री-अपरात्री, पाहुण्यांना घेऊन, बाळंतिणीला घेऊन निघालेली गाडी वाटेत बसली, आणि तसं वर्षात दोनदा झालं, की काकू म्हणायच्या, आता मी तिच्यात बसणार नाही. मग वहीतले आकडे काहीही म्हणोत, सहा महिन्यांत निर्णय व्हायचा. माझ्या मते सगळ्यांत खरा रकाना हाच.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि या सगळ्या हिशेबाला पहिला धक्का बसला. सातशे शहाण्णव सीसी, तीन सिलिंडर, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. समोरच्या वकिलांनी आणली. आण्णा बघायला गेले, दार दोनदा उघडून लावलं, आवाज ऐकला आणि परत येऊन म्हणाले, "पत्रा पातळ आहे." वर्ष गेलं, दोन गेली. वकील खंबाटकी न थांबता चढायचे. त्यांच्या डिकीत हळद नव्हती, साबण नव्हता. आमच्या काकूंनी हे सगळं ओट्यावरून पाहून ठेवलं होतं.

फियाट गेली ती नव्वदीच्या सुरुवातीला, आणि गेली ती आजीच्या नियमानंच. इंजिन उत्तम होतं, नुकतंच स्टँडर्ड केलेलं. पण गगनबावड्याच्या बाजूनं कोकणात बऱ्याच खेपा झाल्या होत्या. डावीकडचा उंबरा हातात आला. जॅक लावला तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच आत शिरू लागला. मिस्त्री न बोलावताच आले, खाली वाकून पाहिलं आणि चहा घेऊन गेले. ते काही बोलले नाहीत, यातच सगळं आलं. मग वाटणी झाली. इंजिन इचलकरंजीच्या एका माणसाकडे गेलं, त्याच्या गाडीची बॉडी चांगली होती आणि ब्लॉकला तडा गेला होता. आरसी बुकावर इंजिन नंबर बदलून घेण्यासाठी आण्णा स्वतः त्याच्याबरोबर आरटीओत गेले. मागची सीट पडवीत गेली आणि तिच्यावर बसून आमच्या दोन पिढ्यांनी आंबे खाल्ले. तीन सुरांचा हॉर्न तात्यांनी काढून घेतला. उरलेला पत्रा भंगारवाल्यानं वजनावर नेला. ते इंजिन पुढं बरीच वर्षं इचलकरंजीच्या रस्त्यावर दिसायचं, म्हणजे ऐकू यायचं. तात्या आवाजावरून ओळखायचे, निदान ते तसं सांगायचे.

पुढे कुर्ल्याचा कारखानाही थांबला. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. ती काही मोडली नव्हती, तिची तारीख भरली होती.

आता तारखांचाच जमाना आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नव्यानं. आरटीओत गाडी दाखवा, पर्यावरण कर भरा. पूर्वी त्या नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं असा दंडक न्यायालयांनी घातला, आपल्याकडे तसा नाही, पण पाहुणे दिल्लीचा दाखला देऊन घाबरवून जातात. गाडी मोडीत काढून दाखला आणला तर नव्या गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट, असंही धोरण आहे. आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या टिकतील का, ही नवी काळजी. आण्णा असते तर त्यांनी यासाठी चौथा रकाना आखला असता, 'सरकार' नावाचा.

गेल्या महिन्यात पुण्याच्या पुतण्यानं घरच्या ग्रुपवर अंदाजपत्रक टाकलं. त्याची डिझेलची गाडी, मीटर सहा आकडी झाल्यामुळे तो लपवतही नाही, दोन लाखांच्या पुढे गेली आहे. गॅरेजनं स्कॅनर लावला आणि तीन पानांची यादी हातात दिली. क्लच सेट, पुढचे शॉकअब, चार टायर, बॅटरी, एक इंजेक्टर, सायलेन्सर, आणि शेवटी आतून जंतुनाशक धुलाई. पुतण्या म्हणाला, गाडीची विम्याची किंमत अमुक, खर्च त्याच्या पाऊण भागापेक्षा जास्त, म्हणजे टोटल लॉस. काढून टाकतो.

ग्रुपवर एकदम सगळे जागे झाले. पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम विमा कंपनीचा, तिला अपघाताचे पैसे द्यायचे असतात म्हणून. तुला कुठं कुणाला पैसे द्यायचेत? पाच वर्षांत विम्याच्या कागदावर गाडी निम्मी होते, म्हणून रस्त्यावर निम्मी होते का? आत्येबहिणीनं अमेरिकेहून लिहिलं की तिकडे मेकॅनिकचा एक तास आपल्याकडच्या क्लच प्लेटपेक्षा महाग, तुम्ही नशीबवान आहात, करून घ्या. एका भावानं उलट लिहिलं, आता पूर्वीसारखं राहिलं नाही, एक सेन्सर गेला की सबंध पेटी बदलतात, उघडून कुणी बघत नाही, तेव्हा विक. त्याचंही खोटं नाही. इंजेक्टर खोलून तपासणारे अजून आहेत, पण शोधावे लागतात. आमच्या मिस्त्रींचा नातू त्यांतला एक. त्यानं फोनवरच सांगितलं, एक गेलाय तर एकच बदला, चार बदला म्हणणाऱ्याकडनं गाडी उचला.

मग काकू, वय वर्षं ब्याऐंशी, यांनी आवाजी निरोप टाकला. "खाली वाकून बघितलंस का रे?" पुतण्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चटई टाकून मोबाइलचा दिवा घेऊन गाडीखाली शिरला आणि त्यानं फोटो पाठवले. उंबरे टणक. स्टेपनीचा खड्डा कोरडा. गंज सायलेन्सरवर, पत्र्यावर नाही.

मग त्याच्या यादीचे रकाने पाडले. क्लच, शॉकअब, टायर, बॅटरी, सायलेन्सर हे झिजलेलं. मोडलेला एकटा इंजेक्टर. धुलाई हौस, तीही गॅरेजवाल्याची. काकूंनी विचारलं, वाटेत कधी बसली का? एकदा, आणि तीही बॅटरीमुळे. तेव्हा क्लच आत्ता, इंजेक्टर मिस्त्रींच्या नातवाकडे, धुलाई रद्द, असं बहुमतानं ठरलं. टायर पुतण्यानं घ्यायचे की दर दिवाळीला ती गाडी कोल्हापूरला हक्कानं मागून नेणाऱ्या धाकट्या भावानं, यावर ग्रुपवर अजून जुंपलेली आहे.